प्रिंट सुटी घ्या, फ्रेम इथे करून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेरूळला पाम बीच रोडच्या बाजूला घर घेतलंय, हॉलची खिडकी खाडीकडे, म्हणजे पश्चिमेला. सहा फुटी सोफ्यामागची भिंत मोकळी आहे आणि तिथे सय्यद हैदर रझांचं फ्रान्समधल्या सुरुवातीच्या वर्षांतलं एखादं निसर्गचित्र लावायचं मनात आहे. ऑनलाइन २४ बाय ३६ इंचांची, काळ्या फ्रेममधली, 'म्युझियम क्वालिटी जिक्ले' म्हणून विकली जाणारी प्रिंट साडेअठरा हजारांना मिळतेय. स्टेशनजवळचा फ्रेमवाला म्हणतो, फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, तेवढ्याच मापाचं कॅनव्हासवर साडेचार हजारांत करून देतो. यातलं कोणतं घ्यावं, आणि पावसाळ्यात ते टिकेल का?

माझं उत्तर: आहे तसं दोन्ही घेऊ नका. प्रिंट चांगल्या ठिकाणाहून, पण सुटी घ्या, आणि फ्रेम इथे, साहित्य डोळ्यांनी बघून करून घ्या. मी ठाण्यात नौपाड्यात प्रिंटचं आणि फ्रेमिंगचं काम करते, तेव्हा हा सल्ला माझ्या धंद्याच्या सोयीचा आहे असं कुणी म्हणेल. म्हणू दे. फ्रेम माझ्याकडेच करा असं मी म्हणत नाही. वाशीत करा, पनवेलला करा, पण समोर उभं राहून करा.

कारण साधं आहे. प्रिंट किती वर्षं टिकणार हे ज्या गोष्टींवर ठरतं, म्हणजे कागद, शाई, माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट), आतली टेप आणि मागचा बोर्ड, त्यातली एकही तयार फ्रेममध्ये पुढून दिसत नाही. असे बरेच नग माझ्या टेबलावर उघडले गेलेत. पुढून झकास असतात. मागची ब्राउन टेप ब्लेडने सोडवली की आत बहुधा तेच दिसतं: तीन मिलिमीटरचा एमडीएफ, त्यावर चारी कोपऱ्यांना डबल साइड टेपने चिकटवलेली प्रिंट, आणि माउंट असलाच तर असा, की ज्याच्या खिडकीची तिरकी कापलेली पांढरी कड दोन पावसाळ्यांत तपकिरी पडलीय. त्या कडेला लागून प्रिंटवरही एक बारीक तपकिरी रेघ उमटते. माउंटमधलं आम्ल कागदात उतरलेलं असतं ते. ती रेघ मग काही केल्या जात नाही.

फ्रेमकडे नंतर येते. आधी चित्राचं बघू, कारण तुम्ही निवडलेल्या चित्रकाराच्या बाबतीत दोन अडचणी आहेत, एक कायद्याची आणि एक रंगाची.

रझा २०१६ मध्ये गेले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे रझांची चित्रं २०७६ संपेपर्यंत परवानगीशिवाय छापता येत नाहीत. त्यांच्याच पिढीतले चित्रकार राम कुमार २०१८ मध्ये गेले, अकबर पदमसी २०२० मध्ये, त्यांचंही तसंच. चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९९२ मध्ये गेले, तरी २०५२ पर्यंत थांबावं लागेल. मूळ चित्र ज्याच्या घरात आहे त्यालासुद्धा छापायचा हक्क आपोआप मिळत नाही. तो लेखी घ्यावा लागतो. त्यामुळे विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच: ही प्रिंट कोणाच्या परवानगीने काढली? प्रामाणिक माणूस एका ओळीत उत्तर देतो. 'सर, हंड्रेड पर्सेंट ओरिजिनल आहे' हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

स्टेशनजवळच्या फ्रेमवाल्याची गोष्ट तर उघडच आहे. अशी कामं रोज होतात, आणि पोलीस तुमच्या सोफ्यामागे येणार नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. लिलावाच्या कॅटलॉगमधून किंवा कुठूनतरी उतरवलेला फोटो लांबीला दीड हजार पिक्सेल असतो. तो ३६ इंचांवर ताणला की एका इंचाला जेमतेम ४२ पिक्सेल येतात. चांगल्या छपाईला ३०० लागतात. सोफ्यामागचं चित्र पाच-सहा फुटांवरून बघतात म्हणून १५० वरही निभावतं. ४२ वर ब्रशचा फटकारा राहत नाही, नुसता रंगाचा लगदा राहतो. दुकानदाराला हे कळतं, म्हणून तो सॉफ्टवेअरने कडा धारदार करून देतो, आणि मग घरांच्या छपरांभोवती पांढऱ्या कडा दिसायला लागतात.

रंगाची अडचण जास्त रंजक आहे. रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी जी गावं आणि घरं काढली त्यातली बरीचशी कागदावर, गवाशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात आहेत: सपाट रंग, घट्ट बांधणी, पाण्यासारखी पारदर्शक नाहीत आणि तेलासारखी चमकतही नाहीत. मग तेलरंग आले, आणि दशक पुढे सरकलं तसा रंगाचा थर जाड होत गेला. १९५६ मध्ये त्यांना 'प्री द ला क्रितीक' हा फ्रेंच समीक्षकांचा पुरस्कार मिळाला तोवर नाइफने, म्हणजे रंग पसरवायच्या पात्याने ओढलेले रंगाचे ढीग कॅनव्हासवर उभे राहिले होते. गवाश मॅट कॉटन कागदावर छापलं तर मूळ चित्राच्या फार जवळ जातं, कारण दोन्हीकडे पृष्ठभाग मॅट आणि सपाट. जाड तेलरंगाची प्रिंट मात्र कितीही चांगली काढली तरी त्या चित्राचा फोटोच असते. उजेड ज्या उंचवट्यावर पडायचा तो उंचवटाच नसतो. म्हणून परवानगी असलेली प्रिंट मिळालीच, तर सुरुवातीच्या सपाट चित्रांतली घ्या. नंतरची खरी बघायची असतील तर प्रदर्शनात बघा. काळा घोड्याला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये. नेरूळहून हार्बरने थेट सीएसएमटीला उतरायचं. तिथे भिंतीवर कोणाचीही जाड तेलरंगातली चित्रं असोत, एकदा बाजूला उभं राहून तिरक्या नजरेने बघा. छापलेल्या प्रतीत काय हरवतं ते तेवढ्याने कळेल.

इथेच एक इशारा. कॅनव्हास प्रिंटवर पारदर्शक जेल ब्रशने फासून 'टेक्श्चर्ड, हँड एम्बेलिश्ड' म्हणून जास्त पैसे घेतात. जवळून बघा: जेलचे फराटे एका दिशेने जातात आणि छापलेले फराटे दुसऱ्याच. आकाशावर, छपरावर, झाडावर एकसारखंच जेल. मला ते अजिबात बघवत नाही.

आता माझं म्हणणं असं. रझांच्याच घराण्यातलं हवं असेल आणि हक्कांचा घोळ नको असेल तर फ्रेंच चित्रकार पॉल सेझान घ्या. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये रझांची गाठ आंरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराशी पडली. तुमच्या चित्रांत बांधणी कमी पडते, सेझान अभ्यासा, असं त्याने सांगितल्याची आठवण रझांनी पुढे अनेकदा सांगितली. त्यांच्या फ्रान्समधल्या घरांच्या रचनेत ते दिसतंच. सेझान १९०६ मध्ये गेला, त्यामुळे त्याची चित्रं छापायला कोणाची परवानगी लागत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या फाइल सगळ्यांसाठी मोफत खुल्या केल्यात. त्यात त्याचं 'लेस्ताकहून दिसणारं मार्सेचं आखात' आहे: पुढे लालसर कौलांची घरं, मध्ये निळ्या समुद्राचा मोठा पट्टा, मागे डोंगर. हे चित्र दाखवलं की कोकणातल्या गिऱ्हाइकाचा चेहरा खुलतो, मला सेझानबद्दल काही सांगावंच लागत नाही.

आणखीही नावं आहेत. पॉल क्ले १९४० मध्ये गेला, अमृता शेरगिल १९४१ मध्ये, हिमालय रंगवणारे निकोलस रोरिक १९४७ मध्ये कुलूच्या खोऱ्यात गेले. भारतीय कायद्याने या तिघांचीही मुदत संपलीय. रोरिक यांचं बरंचसं काम टेंपरात, म्हणजे अंडं किंवा डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेल्या रंगांत आहे, मुळात मॅट. कॉटन कागदावर ते सुरेख उतरतं. क्लेची चित्रं लहान असतात, ती लहानच छापावीत. वहीच्या पानाएवढं चित्र चार फुटी केलं की त्याची मजा गेलीच. मी तर सरसकट म्हणते, मूळ चित्रापेक्षा मोठी प्रिंट काढू नका.

मापावरून आठवलं. तुम्हाला सांगितलेलं २४ बाय ३६ हे माप कागदाच्या सोयीचं आहे, चित्राच्या नाही. मार्सेच्या आखाताचं मूळ माप साधारण ७३ बाय १०० सेंटिमीटर. त्याची रुंदी ३६ इंच धरली तर उंची २६ इंचांच्या थोडी वर यायला हवी. २४ मध्ये बसवायचं म्हणजे वरखाली मिळून दोन इंचांहून जास्त चित्र कापायचं. सेझानच्या चित्रातून दोन इंच आकाश कापलं तर रचनेचा तोलच जातो. पण वेबसाइटवर 'फिट टू फ्रेम' म्हणून हे सर्रास होतं आणि गिऱ्हाइकाला पत्ताही नसतो. मूळ चित्राचं माप शोधा, लांबीला रुंदीने भागा, आणि प्रिंटच्या मापाशी ताडून बघा. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तुमच्या भिंतीसाठी मी काय करीन? फाइल समजा चार हजार पिक्सेल रुंद आहे. इंचाला १५० धरले तर प्रिंट साडेसव्वीस इंच रुंद, साडेएकोणीस उंच होईल. चारी बाजूंना चार इंचांचा माउंट, खाली अर्धा इंच जास्त. बाहेरून फ्रेम ३६ बाय २९ च्या आसपास. सहा फुटी सोफ्यावर दोन तृतीयांश रुंदीची फ्रेम हवी असं इंटिरियरवाले सांगतात, पण निम्म्या रुंदीची आणि भोवती मोकळी भिंत असलेली मला जास्त आवडते. सगळी भिंत भरलीच पाहिजे असा काही नियम नाही.

प्रिंट तपासायची कशी? दहा पट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग घ्या, नाहीतर मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा चालेल. निळ्या-करड्या भागावर धरा. ठिपके ओळीत, छोट्या फुलांसारख्या वर्तुळांत मांडलेले दिसले तर ते ऑफसेट, म्हणजे कॅलेंडर आणि पोस्टर छापतात ती छपाई. त्यात वाईट काही नाही, पण त्याचे साडेअठरा हजार नाहीत. ठिपके अतिबारीक आणि विस्कळीत, धुक्यासारखे पसरलेले असतील तर इंकजेट. जिक्ले म्हणतात ते हेच. ठिपकेच नसतील, प्रत्येक रंगाचा सलग थर आणि कडेला शाईचा किंचित उंचवटा असेल तर सेरिग्राफ, म्हणजे स्क्रीन प्रिंट.

नुसतं इंकजेट आहे म्हणून भागत नाही. दुकानांतल्या कॅनव्हास प्रिंट्स बऱ्याचदा इको-सॉल्व्हंट मशीनवर निघतात, त्याच मशीनवर शेजारी वाढदिवसाचा फ्लेक्स निघत असतो. ते नाकाला कळतं; ताज्या प्रिंटला रसायनाचा वास येतो. आपल्याला हवी ती पाण्यातली पिगमेंट शाई, म्हणजे बारीक रंगकणांची, आठ ते बारा रंगांची, आणि कॉटन रॅग (सुती कागद) किंवा निदान आम्लमुक्त अल्फा-सेल्युलोज (शुद्ध केलेल्या लाकडी लगद्याचा) कागद, तीनशे जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅमच्या आसपास. चांगला प्रिंटर कागदाचं नाव विचारायच्या आधी सांगतो: हानेम्यूलेचा फोटो रॅग ३०८, कॅन्सनचा अमुक. 'इम्पोर्टेड आर्ट पेपर' एवढंच उत्तर आलं तर समजून जा.

कागदाची एक गंमतशीर परीक्षा आहे. नोटा तपासायचा जांभळा दिवा किराणा दुकानातही असतो. अंधारात तो प्रिंटच्या कोऱ्या कडेवर धरा. कागद निळसर-पांढरा झगझगला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन आहे. आज तो कागद दुधासारखा दिसेल, पण ब्राइटनर उजेडाने संपत जातो आणि पांढरा भाग पिवळट होतो. करड्या रंगांची चित्रं असतील, राम कुमारांच्या वाराणसीसारखी, तर या पिवळटपणाने चित्राचा सूरच बदलतो. मंद, किंचित सायीच्या रंगाचा, न झगझगणारा कागद घ्या.

रंग बघायचे ते खिडकीजवळ, दिवसा, आणि मग तुमच्या हॉलमधल्या दिव्याखालीही. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली बरोबर दिसणारा करडा रंग घरच्या पिवळ्या एलईडीखाली हिरवा किंवा गुलाबी मारू शकतो. म्हणून मोठी प्रिंट काढायच्या आधी तळहाताएवढा तुकडा छापून मागा. चांगले प्रिंटर देतात, थोडे पैसे घेतात. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेला दिवा लावलात तर निम्मी तक्रार तिथेच मिटते.

'लिमिटेड एडिशन, ५०० पैकी ४८' याला किती किंमत द्यायची? विक्रेत्याने काढलेल्या प्रतिकृतीवरचा नंबर हा विक्रेत्याने स्वतःला घातलेला नियम आहे, तो पाळतो की नाही हे कोण बघतंय! चित्रकाराने स्वतः पेन्सिलीने सही केलेला सेरिग्राफ ही वेगळी गोष्ट. रझांचेही असे सेरिग्राफ आहेत, पण त्यांची किंमत, कागदपत्रं आणि बाजार सगळंच निराळं, आणि त्यात शिरायचं असेल तर नावाजलेल्या गॅलरीतूनच. भिंतीसाठी घेताय तर नंबरासाठी एक रुपया जास्त देऊ नका, आणि गुंतवणूक हा शब्द आला की फोन ठेवा.

आता फ्रेम. आमच्या कामात गिऱ्हाईक अर्धा तास फ्रेमची पट्टी निवडतं आणि आतल्या साहित्याबद्दल अर्धा मिनिटही विचारत नाही. उलटं करा.

पट्टी सागवानी घ्या, किंवा बारीक काळी हवी असेल तर अ‍ॅल्युमिनियमची. स्वस्त पाइनचे कोपरे पावसात फुगून उघडतात. फायबर पट्टी म्हणतात ती मुळात पॉलिस्टायरीन असते. तिला नावं ठेवायची पद्धत आहे, पण ती ना फुगते ना तिला वाळवी लागते. फक्त मोठ्या काचेचं वजन तिच्यातले स्क्रू पेलत नाहीत. लहान फ्रेमला खुशाल वापरा. तिच्यामागे डांबराच्या गोळ्या मात्र ठेवू नका, त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं.

माउंट आम्लमुक्त हवा, आणि आरपार. वरचा कागद आम्लमुक्त आणि गाभा साधा, असेही बोर्ड मिळतात. कापलेली कड बघा, कोपऱ्यातला तुकडा मागून घ्या. माउंट शोभेसाठी नसतो. त्याचं खरं काम प्रिंट आणि काच यांच्यात हवा ठेवणं. आपल्याकडे जुलैत काचेच्या आतल्या बाजूला दमटपणा धरतो. प्रिंट काचेला टेकलेली असेल तर शाई काचेला चिकटते आणि सोडवताना रंगासकट सुटते. माउंट नको असेल तर काचेच्या कडेने आत बारीक स्पेसर, म्हणजे काच आणि प्रिंट दूर ठेवणारी पट्टी घालायला सांगा.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रिंट आत कशी धरलीय. बरोबर पद्धत अशी: फक्त वरच्या कडेला जपानी टिश्यूच्या दोन बारीक बिजागऱ्या, गव्हाच्या शुद्ध स्टार्चच्या खळीने चिकटवलेल्या, आणि बाकी प्रिंट मोकळी लोंबती. कॉटनचा कागद दमट हवेत पसरतो, कोरड्या हवेत आक्रसतो. त्याला जागा हवी. चारी कोपरे टेपने आवळले की कागद पसरायला जागाच नाही, मग तो मध्ये फुगतो. 'मॅडम, प्रिंटला लाटा आल्या' अशी तक्रार घेऊन गणपतीच्या आसपास जे येतात त्यांच्यापैकी बहुतेकांचं कारण हेच असतं. काही फ्रेमवाले लाटा येऊ नयेत म्हणून अख्खी प्रिंट बोर्डवर गरम दाबून चिकटवतात. दोनेक हजारांच्या पोस्टरला चालेल. चांगल्या प्रिंटला नको, कारण मग ती कधीच वेगळी करता येत नाही.

मागे एमडीएफ नको. आम्लमुक्त बोर्ड, त्यामागे सनबोर्ड (प्लास्टिकच्या फोमचा हलका बोर्ड), आणि कडा टेपने बंद, धूळ आणि सिल्व्हरफिश आत जाऊ नयेत म्हणून. सिलिका जेलच्या पुड्या कोंबू नका. चार दिवसांत भरून जातात आणि मग त्यांचा काही उपयोग राहत नाही. पावसाळ्यात फ्रेम करायचीच असेल तर प्रिंट, माउंट आणि बोर्ड आधी एसीच्या खोलीत मोकळे ठेवून मग बंद करायला सांगा, नाहीतर जुलैची हवाच आत कोंडली जाते. शक्य असेल तर दिवाळीनंतर करा.

काच की अ‍ॅक्रिलिक? तुमच्या मापात तीन मिलिमीटर काचेचं वजनच जवळपास पाच किलो भरतं. तेवढ्याच जाडीचं अ‍ॅक्रिलिक त्याच्या निम्म्याहून कमी. सोफ्यावर मुलं उड्या मारत असतील तर अ‍ॅक्रिलिकच. त्याला धूळ चिकटते आणि ओरखडे पडतात, तेव्हा कोरड्या फडक्याने घासू नका आणि अमोनियाचा काच-क्लीनर लावू नका. तुमची खिडकी पश्चिमेला आहे म्हणून यूव्ही गाळणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक घ्या, महाग पडलं तरी. साधी काच अतिनील किरणांचा बराच भाग आत सोडते. परावर्तन कमी करणारी काच वेगळी आणि यूव्हीवाली वेगळी. दुकानात दोन्ही एकच असल्यासारखं बोलतात. 'नॉन-रिफ्लेक्टिव्ह' नावाने मिळणारी स्वस्त खरबरीत काच तर घेऊच नका. माउंटवरून ती पाव इंच दूर गेली की चित्र धुरकट दिसतं.

पण यूव्ही गाळली म्हणजे झालं असं नाही. दिसणारा उजेडही रंग उडवतो. पिगमेंट शाईला शंभर वर्षं असं जे लिहिलेलं असतं, ते प्रयोगशाळेत ठरावीक घरगुती उजेड धरून काढलेला अंदाज असतो. खाडीवरून दुपारी चारला थेट भिंतीवर येणारं ऊन त्यात धरलेलं नाही. तुमचा सोफा खिडकीच्या समोर असेल तर प्रिंट बाजूच्या भिंतीवर न्या, नाहीतर दुपारी पडदा ओढायची सवय लावून घ्या.

भिंत कोणती, हाही प्रश्न आहेच. पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर लावू नका. आतली भिंत उत्तम. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या किंवा सिलिकॉनच्या गोळ्या चिकटवा, म्हणजे फ्रेम भिंतीपासून पाचेक मिलिमीटर सुटी राहते आणि मागून हवा खेळते. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, पण बुरशी रोखायला सगळ्यात जास्त उपयोगी. मिवानच्या, म्हणजे साच्यात भिंती ओतून बांधलेल्या इमारतीत भिंत काँक्रीटची असते, खिळा वाकतो. हॅमर ड्रिलने भोक पाडून प्लग लागतो. ब्लॉकच्या भिंतीत खिळा सहज जातो आणि तेवढ्याच सहज बाहेर येतो, तिथेही प्लगच. भिंतीत दोन हुक, फ्रेममागे दोन डी-रिंग (डी आकाराच्या कड्या), एका तारेवर भरवसा नको. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर, सोफ्याच्या पाठीपासून वीत-दीड वीत वर. बहुतेक घरांत चित्रं फार उंच लावलेली असतात, देवाच्या तसबिरींच्या सवयीने.

त्या ऑनलाइन विक्रेत्याला आता एकच मेसेज पाठवा: छापायची परवानगी कोणाची, कागदाचं नाव आणि जीएसएम काय, शाई पिगमेंट की दुसरी, मूळ चित्राचं माप काय आणि कुठे कापलंय का, आणि हीच प्रिंट फ्रेमशिवाय किती रुपयांना. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर पुढे जाऊ नका. सगळी आली तर सुटी प्रिंट मागवा, चारी बाजूंना इंचभर कोरी कड ठेवून. नळीत आली तर लगेच उलटी गुंडाळून सरळ करायला जाऊ नका. स्वच्छ कागदांच्या मध्ये सपाट ठेवून वर वजन ठेवा, एक-दोन दिवसांत बसते. मॅट कॉटन कागदावर बोटांचे डाग आणि घासल्याच्या खुणा फार पटकन पडतात, धरायची ती कडेनेच. बिलावर कागद, शाई आणि फ्रेममधल्या साहित्याची नावं लिहून घ्या, जीएसटीच्या पक्क्या बिलावर.

राहिला पावसाळ्याचा प्रश्न. वर लिहिलंय तशी केली तर टिकेल. तरी पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये एकदा फ्रेम उतरवून मागे हात फिरवा. बोर्ड गार आणि ओलसर लागला, किंवा भिंतीवर फ्रेमच्या आकाराचा काळपट चौकोन दिसला, तर दोष भिंतीचा आहे, जागा बदला. काचेच्या आत पांढुरकी बुरशी किंवा कागदावर पिवळे-तपकिरी ठिपके दिसले तर पुसत बसू नका, फ्रेम आडवी ठेवून कोरड्या खोलीत न्या आणि त्याच आठवड्यात उघडून घ्या. आणि काच पुसताना फवारा फडक्यावर मारायचा, काचेवर नाही. ओघळ खाली पट्टीच्या खाचेत जातो आणि माउंट तिथूनच पाणी ओढतो.